क्षयजंतूचा शोधक : डॉ. रॉबर्ट कॉख

आमच्या लहानपणी काही रोगांची नावे घरात मोठ्याने घेतली जात नसत. क्षय हे त्यांपैकी पहिले. कुणा आप्ताचा खोकला तीन आठवडे झाले तरी हटत नाही, दिवस कलला की अंगात कणकण भरते, रात्री घामाने अंथरूण भिजते, अन्नावरची वासना उडते आणि अंगातला सदरा खुंटीला टांगल्यासारखा दिसू लागतो, अशी वार्ता पत्रातून आली की वडीलमंडळी एकमेकांकडे पाहत आणि विषय बदलत. बेडक्यातून रक्त पडल्याचे कळले म्हणजे तर बोलण्यासारखे काही उरतच नसे. रोग्याचे ताट-पेला वेगळा होई, आणि त्या घरातील मुलींच्या सोयरिकी अडत; कारण हा रोग रक्तातून, वंशातून येतो अशी समजूत होती.

ही समजूत केवळ आपलीच होती असे नव्हे. आयुर्वेदाने या रोगास राजयक्ष्मा म्हटले आणि दक्षाच्या शापाने चंद्रालाही तो जडल्याची कथा पुराणांनी सांगितली. परंतु एकोणिसाव्या शतकातील युरोपातले नामांकित वैद्यही आनुवंशिक दुर्बलता, कोंदट हवा, मनःस्ताप अशीच कारणे सांगत असत. व्हिलमँ या फ्रेंच वैद्याने १८६५ साली हा रोग माणसाकडून सशाला टोचता येतो हे दाखविले होते. तथापि टोचले जाते ते नेमके काय, हे कुणी पाहिले नव्हते. ते डोळ्यांनी पाहून जगाला दाखविणारा पुरुष म्हणजे डॉ. रॉबर्ट कॉख.

कॉख यांचा जन्म ११ डिसेंबर १८४३ रोजी जर्मनीतील हार्ट्स पर्वताच्या कुशीतील क्लाउस्थाल या खाणींच्या गावी झाला. वडील खाण खात्यात अधिकारी होते. घरात तेरा भावंडे, त्यांत रॉबर्ट तिसरा. पाचव्या वर्षीच वर्तमानपत्रे समोर धरून तो आपला आपणच वाचावयास शिकला, अशी हकीकत सांगतात. १८६२ साली तो ग्योटिंगेनच्या विद्यापीठात दाखल झाला. तेथे त्यास याकोब हेन्ल हे गुरू लाभले. सांसर्गिक रोगांच्या मुळाशी सजीव सूक्ष्म परोपजीवी असले पाहिजेत, असे मत हेन्ल यांनी १८४० सालीच लिहून ठेवले होते. मत होते, पुरावा नव्हता. शिष्याने पुढे आयुष्यभर जमविला तो पुरावाच.

१८६६ साली पदवी मिळाल्यावर कॉख यांच्या मनात जगप्रवास करावयाचा होता. परंतु एमी फ्राट्स या तरुणीशी विवाह झाला, कन्यारत्न झाले, आणि मग पोटापाण्यासाठी या खेड्यातून त्या खेड्यात दवाखाना हलविणे सुरू झाले. १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात त्यांनी स्वेच्छेने वैद्यकीय सेवा केली आणि १८७२ साली वोल्श्टाइन या गावी जिल्हा वैद्यकीय अधिकाऱ्याची सरकारी जागा पत्करली. हे गाव आज पोलंडमध्ये आहे.

सरकारी नोकरीत हयात घालविलेल्या प्रस्तुत लेखकास कॉख यांच्या चरित्रातील ही आठ वर्षे विशेष प्रिय वाटतात. देवी टोचणे, दाखले देणे, साथींचे अहवाल वर पाठविणे, शिवाय खासगी रोगी पाहणे, एवढे सारे उरकून हा गृहस्थ तपासणीच्या खोलीत एक पडदा लावून त्याच्या पलीकडे आपली प्रयोगशाळा चालवीत होता. जवळ विद्यापीठ नाही, ग्रंथालय नाही, अनुदान नाही. सूक्ष्मदर्शक यंत्र पत्नीने वाढदिवसानिमित्त दिले, असे म्हणतात. पुढे जंतूंची छायाचित्रे घेण्याचा नाद लागला, तेव्हा सूर्यावर ढग केव्हा येतो याची टेहळणीही एमीबाईच करीत. पतीच्या कीर्तीचा पाया त्यांच्या संसाराच्या काटकसरीवर रचला गेला आहे, हे पुढील घटना वाचताना आपण विसरू नये.

त्या भागात गुरांमध्ये काळपुळीच्या साथी वारंवार येत. मेलेल्या जनावराच्या रक्तात काड्यांसारखे जंतू दिसतात, हे इतरांनी पाहिले होते. पण तेच रोगाचे कारण कशावरून? कॉख यांनी लाकडाच्या बारीक सळीने ते रक्त उंदरांना टोचले आणि त्याच काड्या उंदरांच्या शरीरात पुन्हा पाहिल्या. एवढ्यावर ते थांबले नाहीत. बैलाच्या डोळ्यातील निर्मळ द्रवात त्यांनी ते जंतू शरीराबाहेर वाढविले, त्यांचे चिवट बीजाणू बनताना पाहिले, आणि त्या वाढविलेल्या जंतूंनी पुन्हा रोग उत्पन्न करून दाखविला. १८७६ साली ब्रेस्लाउचे वनस्पतिशास्त्रज्ञ फेर्डिनांट कोन यांच्यापुढे या खेड्यातल्या डॉक्टरने सारे प्रयोग करून दाखविले आणि कोन यांनी आपल्या नियतकालिकात तो निबंध छापला. रोग्यात जंतू सापडला पाहिजे, तो वेगळा काढून शुद्ध स्वरूपात वाढविता आला पाहिजे, आणि त्या वाढविलेल्या जंतूने निरोगी प्राण्यात तोच रोग झाला पाहिजे, ही जी त्रिसूत्री पुढे कॉख यांच्या नावाने प्रसिद्धीस आली, तिचा उगम या पडद्यामागच्या खोलीत आहे.

१८८० साली बर्लिनच्या शाही आरोग्य कार्यालयात त्यांची नेमणूक झाली. लॉफ्लर आणि गाफकी हे दोन कर्तबगार साहाय्यक मिळाले. येथे त्यांनी प्रथम हाती घेतला तो शुद्ध संवर्धनाचा प्रश्न. रश्श्यात जंतू वाढविले तर दहा जातींची खिचडी होते. उकडलेल्या बटाट्याच्या कापावर मात्र प्रत्येक जंतूची वसाहत वेगळ्या ठिपक्याच्या रूपाने वाढते, हे कॉख यांच्या नजरेस आले. मग त्यांनी जिलेटिन घालून घट्ट केलेले माध्यम बनविले. परंतु उन्हाळ्यात ते वितळे. यावर तोड काढली ती त्यांचे सहकारी हेसे यांच्या पत्नीने. मुरंबे-जेली घट्ट करण्यासाठी समुद्रशेवाळापासून काढलेले आगर वापरावे, ही युक्ती त्या बाईंना जावा बेटात राहून आलेल्या परिचितांकडून ठाऊक होती. आज जगातील प्रत्येक जंतुशाळेत आगर वापरतात, आणि तो आला आहे स्वयंपाकघरातून!

ऑगस्ट १८८१ मध्ये कॉख क्षयाकडे वळले. त्या काळी मरणाऱ्या दर सात माणसांत एक क्षयाने मरतो, असा हिशेब त्यांनी स्वतःच पुढे मांडला. अडचण अशी की हा जंतू नेहमीच्या रंगाने रंगतच नव्हता, आणि न रंगलेला जंतू मांसपेशींच्या पसाऱ्यात दिसणे अशक्य. कॉख यांनी मिथिलीन निळ्या रंगात अल्कली मिसळून काचपट्ट्या दिवसभर त्यात भिजत ठेवल्या आणि मग तपकिरी रंगाने बाकीचा भाग रंगविला. तपकिरी पार्श्वभूमीवर बारीक, किंचित वाकलेल्या निळ्या काड्या उमटल्या. आता त्या वाढवावयाच्या होत्या. आगरावर त्या येईनात. तेव्हा गुरांच्या रक्तातील निवळ मंद उष्णतेने थिजवून, नळ्या शरीराच्या उष्णतेइतक्या उबेत ठेवून वाट पाहणे आले. इतर जंतू एका रात्रीत वाढतात. येथे एक आठवडा गेला, काही नाही. दुसऱ्या आठवड्यात कोरडे, खपलीसारखे कण दिसू लागले. दुसऱ्या कुणी पाचव्या दिवशी नळ्या फेकून दिल्या असत्या. ती संवर्धने गिनीपिगांना टोचली आणि त्यांना क्षय झाला.

२४ मार्च १८८२ रोजी सायंकाळी बर्लिनच्या शरीरक्रिया-विज्ञान संस्थेच्या एका लहानशा वाचनकक्षात कॉख यांनी आपला निबंध वाचला. ते वक्ते नव्हते. अडखळत, हळू बोलत. पण टेबलावर दोनशेहून अधिक नमुने मांडलेले होते. वाचन संपल्यावर टाळ्या नाहीत, शंका नाहीत, चर्चाही नाही. श्रोते निःशब्द उठले आणि एकेक जण सूक्ष्मदर्शकाला डोळा लावू लागला. त्या शोधाच्या शताब्दीपासून, १९८२ पासून, २४ मार्च हा दिवस जागतिक क्षयरोगदिन म्हणून पाळला जातो.

श्रोत्यांत पाउल एर्लिख नावाचा तरुण होता. त्या रात्रीपासून त्याने रंजनाची पद्धत सुधारण्याचा ध्यास घेतला. आपल्या काचपट्ट्या त्याने विझलेल्या शेगडीवर वाळत ठेवल्या होत्या. सकाळी कुणीतरी ती पेटविली आणि ऊब लागून जंतू अधिकच खुलून रंगले, अशी आख्यायिका आहे. एकदा रंगलेला क्षयजंतू आम्लाने धुतला तरी रंग सोडत नाही, हे एर्लिखने ओळखले. त्या जंतूच्या अंगावर मेणासारखे आवरण असते, ते रंग धरून ठेवते. पुढे झील आणि नील्सन या दोघांनी १८८२-८३ मध्ये हीच रीत पक्की केली. दैवाचा खेळ असा की काही वर्षांनी एर्लिखला स्वतःच्याच बेडक्यात हे जंतू सापडले आणि हवापालटासाठी त्याला ईजिप्तला जावे लागले.

आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात थुंकी तपासतात ती रीत ही अशी. रोग्याने सकाळी उठल्याबरोबर छातीतून खोल खोकून काढलेला बेडका द्यावयाचा; तोंडातली लाळ नव्हे. पुष्कळ तपासण्या वाया जातात त्या येथेच. त्यातील घट्ट, पिवळसर भागाचा पातळ थर काचपट्टीवर पसरून ज्योतीवरून फिरवितात, त्यावर लाल कार्बोल-फुक्सिन ओतून वाफ निघेपर्यंत ऊब देतात, मग आम्लाने धुतात आणि शेवटी निळा रंग देतात. तेलभिंगाखाली निळ्या रानात लाल काड्या दिसल्या की निदान झाले. काड्या दिसल्या नाहीत म्हणून मात्र क्षय नाही असे ठरत नाही. एका मिलिलिटर बेडक्यात काही हजार जंतू असल्याखेरीज ते या रीतीने हाती लागत नाहीत. मग संवर्धन करावे लागते आणि त्याला आजही आठवडेच लागतात. कॉख यांची ती वाट पाहणे अद्याप पूर्णपणे संपलेले नाही. जंतूतील आनुवंशिक द्रव्य ओळखून तासा-दोन तासांत उत्तर देणारी यंत्रे अलीकडे आली. त्यांतील ट्रूनॅट हे यंत्र आपल्या गोव्यातील एका कंपनीचे असून जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली त्यास मान्यता दिली.

छातीच्या इतर रोगांची उकलही कॉख यांच्या भोवतालच्या मंडळींकडूनच झाली. हुडहुडी भरून एकाएकी चढणारा ताप, श्वास घेताना बरगडीत चमक आणि गंजाच्या रंगाचा बेडका ही न्यूमोनियाची लक्षणे वैद्यांना पूर्वापार ठाऊक होती. १८८४ साली बर्लिनमध्येच ग्राम या डॅनिश डॉक्टरने न्यूमोनियाने मेलेल्यांच्या फुप्फुसांवर प्रयोग करताना अशी रंजनपद्धती शोधली की काही जंतू जांभळा रंग धरून ठेवतात आणि काही सोडून देतात. जंतूंची ही विभागणी आजही पहिली पायरी समजली जाते. घटसर्पात घशात राखाडी पापुद्रा धरून मुले गुदमरत, त्याचा जंतू त्याच वर्षी लॉफ्लरने थिजविलेल्या रक्तनिवळीवर वाढवून दाखविला. चूकही झाली. १८९२ साली फायफर या शिष्याने इन्फ्लुएंझाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. इन्फ्लुएंझाचे खरे कारण विषाणू आहे, हे १९३३ साली सिद्ध झाले. गुरूची त्रिसूत्री पुरी न होता निष्कर्ष काढला की असे होते.

परंतु स्वतः गुरूच एकदा ती त्रिसूत्री विसरला. तेथवर येण्यापूर्वी त्यांच्या कलकत्त्याच्या मुक्कामाचा उल्लेख केला पाहिजे, कारण आपल्यापैकी काही कुटुंबे त्या शहरी राहून आलेली आहेत. १८८३ साली पटकीचा शोध घेण्यासाठी कॉख ईजिप्तमार्गे डिसेंबरात कलकत्त्यास पोहोचले. मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात त्यांनी काम केले आणि स्वल्पविरामासारखा वाकडा पटकीजंतू शुद्ध स्वरूपात वाढविला. एका वस्तीत पटकीची लागण झाली होती. तेथील लोक ज्या तळ्यात कपडे धूत आणि ज्याचे पाणी पीत, त्या तळ्यातच तो जंतू त्यांना सापडला. इटलीच्या पाचिनी याने तीस वर्षांपूर्वीच तो पाहिला होता. पण त्याचे कुणी ऐकले नव्हते. १८८४ मध्ये कॉख मायदेशी परतले ते राष्ट्रपुरुष म्हणून. सरकारने एक लक्ष मार्कांचे पारितोषिक दिले.

क्षयाचा जंतू मिळाला, निदान होऊ लागले. औषध मात्र नव्हते. अमेरिकेत वैद्यकीची पदवी घेऊन परतलेल्या आपल्या डॉ. आनंदीबाई जोशी २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने गेल्या, तेव्हा कॉख यांच्या शोधाला पाच वर्षे होत आली होती. वय अवघे एकवीस. अशा लक्षावधी घरांचे डोळे बर्लिनकडे लागलेले असताना ऑगस्ट १८९० मध्ये तेथील आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेत कॉख यांनी क्षयजंतूची वाढ रोखणारे द्रव्य आपल्याला सापडल्याचे सांगितले. सरकारने त्यांच्यावर दडपण आणले असे म्हणतात. परंतु त्यांनाही नव्या संस्थेची आकांक्षा होती आणि फ्रान्समध्ये पाश्चर यांच्या नावाची संस्था उभी राहिली होती. नोव्हेंबरात औषध बाहेर आले. त्याची घटना गुप्त ठेवली गेली.

मग जे घडले ते वाचवत नाही. युरोपभरातून रोगी बर्लिनला लोटले. शेवटच्या अवस्थेतील माणसे आगगाडीतून उतरविली जात. खाणावळी आणि भाड्याच्या खोल्या खोकणाऱ्यांनी भरून गेल्या. शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉइल हे स्वतः डॉक्टर. तेही पाहावयास आले आणि साशंक होऊन परतले. औषध टोचले की जबर ताप येई, काहींना तात्पुरते बरे वाटे, काही त्यातच दगावत. जानेवारी १८९१ मध्ये बर्लिनचे वयोवृद्ध विकृतिशास्त्रज्ञ फिर्खो यांनी शवविच्छेदने करून दाखविले की औषधाने रोग थांबणे दूरच, काही रोग्यांत तो शरीरभर पसरला होता. त्याच महिन्यात कॉख यांना घटना उघड करावी लागली: ग्लिसरिनमध्ये काढलेला क्षयजंतूंचा अर्क, ट्युबरक्युलिन. ज्याने आयुष्यभर इतरांकडे पुरावा मागितला, त्याच्याजवळ बऱ्या झालेल्या गिनीपिगांचा नीट पुरावाही नव्हता. कॉख ईजिप्तला निघून गेले. त्यांनी तो अर्क आधी स्वतःच्या दंडात टोचून घेतला होता आणि थंडी, ताप, धाप सोसली होती, हे खरे. त्यांच्या धैर्याविषयी शंका नाही. पण प्रश्न धैर्याचा नव्हता.

याच सुमारास हेडविग फ्रायबेर्ग या तरुण मुलीशी त्यांचा स्नेह जमला. १८९३ साली एमीबाईंशी घटस्फोट होऊन कॉख यांनी हेडविगशी लग्न केले. ती त्यांच्याहून जवळजवळ तीस वर्षांनी लहान होती. बर्लिनच्या समाजाने त्यांस क्षमा केली नाही. ढगांवर पहारा करणाऱ्या त्या बाईंची आठवण येऊन आपलेही मन कडवट होते. परंतु हेडविगबाईंनी पुढे आफ्रिकेतील तळांवर पतीची साथ सोडली नाही, हेही नमूद केले पाहिजे.

ट्युबरक्युलिनचे पुढे काय झाले, ते मात्र ऐकण्यासारखे आहे. ज्याच्या शरीरात क्षयजंतू कधी शिरला आहे, त्याच्याच अंगावर या अर्काची प्रतिक्रिया उमटते. हा धागा धरून १९०७ मध्ये फॉन पिर्के आणि १९०८ मध्ये मांतू यांनी त्वचेची चाचणी बसविली. लहान मुलाच्या हातावर थेंबभर टोचून दोन-तीन दिवसांनी गाठ मोजतात ती हीच. त्या गाठीने रोग झाला असे सिद्ध होत नाही, केवळ संसर्ग कळतो. औषध म्हणून फसलेले द्रव्य निदानासाठी कामी आले; ज्यांनी त्यावर आशा ठेवून बर्लिन गाठले होते, त्यांना याचा काही उपयोग नव्हता. खरे औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ साली सापडले.

पुढील वीस वर्षे कॉख बहुतांशी प्रवासातच राहिले. दक्षिण आफ्रिकेत गुरांच्या बुळकांडीवर काम करीत असताना प्लेगच्या अभ्यासासाठी १८९७ च्या मे महिन्यात ते मुंबईस आले. गाफकी, फायफर आदी जर्मन मंडळी तेथे आधीच दाखल झाली होती. पुण्यात रँडसाहेबांचा वध झाला तो त्याच वर्षीच्या जूनमध्ये, इतका तो काळ तप्त होता. १९०१ साली लंडनच्या परिषदेत, गुरांच्या क्षयापासून माणसास फारसे भय नाही, असे मत त्यांनी ठामपणे मांडले. ते चुकीचे ठरले. ब्रिटिश आयोगाने दहा वर्षे खपून ते खोडून काढले. दूध उकळून पिण्याची आपल्या घरांची रीत त्यांच्या मतापेक्षा शहाणी होती!

१९०५ साली क्षयावरील संशोधनाबद्दल त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतरही ते स्वस्थ बसले नाहीत. १९०६-०७ मध्ये व्हिक्टोरिया सरोवरातील बेटांवर निद्रारोगाच्या रोग्यांत राहिले. तेथे वापरलेल्या अ‍ॅटॉक्सिल औषधाने काही रोगी आंधळे झाले. १९०८ साली त्यांचे शिष्य कितासातो यांनी त्यांस जपानला नेले आणि तेथे त्यांचे राजासारखे स्वागत झाले.

२७ मे १९१० रोजी बाडेन-बाडेन या आरोग्यस्थानी हृदयविकाराने त्यांचा अंत झाला. वय सहासष्ट. देहाचे दहन करून अस्थी बर्लिनमधील त्यांच्या संस्थेच्या इमारतीतच ठेवल्या आहेत. जपानभेटीच्या वेळी कापलेले त्यांचे केस कितासातो यांनी जपून ठेवले होते. गुरूच्या निधनानंतर त्यांनी तोक्योतील आपल्या संस्थेच्या आवारात एक छोटे देवस्थान बांधून ते केस तेथे स्थापन केले.